हिरवळीच्या काठाकाठानं

सुमैरा वडूजची. वडूजला हिरवं गवत म्हणजे पावसाळ्यातला पाहुणा. आला आला म्हणेपर्यंत पिशवी उचलून निघालेला. तिचे अब्बा आठवडी बाजारांत पाल ठोकून मसाले विकायचे, आज या गावी तर उद्या त्या गावी. घरी परतले की त्यांच्या सदऱ्याला धन्याचा आणि दगडफुलाचा वास यायचा. घरामागं एक कडुनिंब होता आणि पुढं थेट रस्ता. बाग हा शब्द सुमैराला शाळेच्या पुस्तकात भेटला होता. प्रत्यक्षात बाग भेटलीच तर भेटायची वर्षातून एकदा, आखरी चहारशुंब्याला.

आखरी चहारशुंबा म्हणजे सफर महिन्यातला शेवटचा बुधवार. मोठ्या दुखण्यात पैगंबरसाहेबांना त्या दिवशी जरा बरं वाटलं आणि ते मोकळ्या हवेत गेले, असं जुन्या बायका सांगायच्या. म्हणून त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी, आणि दुखण्यातून उठलेल्यांनी तर नक्कीच, अनवाणी हिरव्या गवतावरून चालायचं. याला म्हणायचं हरियाली तुडवणं. पाऊस बरा झाला असेल तर ही हरियाली ओढ्याकाठी मिळायची. झाला नसेल तर अब्बा बुधवारचा बाजार बुडवायचे आणि पोरांना एसटीत घालून थेट साताऱ्याच्या बागेत न्यायचे. "डोळ्यांनी काय रोजच बघता," ते म्हणायचे, "आज तळपायांनी बघा." सुमैरा चपला हातात घेऊन गवतावर उभी राहायची. गार ओल तळव्यांतून वर पोटऱ्यांपर्यंत चढायची. एवढी चैन करायला आपल्याला कुणी रागवत कसं नाही, याचंच तिला नवल वाटायचं.

पुढं ती साताऱ्यालाच राहून बी.कॉम. झाली आणि लग्न होऊन पलूसला आली. पलूसला हिरव्याला तोटा नव्हता. जिकडं बघावं तिकडं ऊस, नाहीतर द्राक्षं. सासर गादीवाल्यांचं. खाली कापूस पिंजायचं मशीन आणि दुकान, वर राहतं घर. सासरे गेल्यापासून दुकान नवरा मुजीब आणि सासू जरिना या दोघांवर होतं. जरिना दिवसभर हातभर लांबीचं दाभण घेऊन गादीला टाके घालत बसायची. तिचं बोलणंही त्या दाभणासारखंच होतं, सरळ आणि आरपार. सुनेचा तिला अभिमान होता, पण तो ती शेजारणींपाशी बोलून दाखवायची. सुनेपाशी कधी नाही.

मिस्बाह झाली आणि मुळातच काळजीखोर असलेल्या सुमैराची काळजी दुप्पट झाली. पोर गाद्यांच्या थप्पीवरून खाली उड्या मारायची, आणि सुमैरा जिन्यात उभी राहून "सांभाळून, सांभाळून" करायची. जरिना म्हणायची, "आमच्यात पोरं पडाय भीत न्हाईत बाई. खाली कापूस असतोय." पण एक गोष्ट सुमैरानं काळजीपोटी कधी टाळली नाही, ती म्हणजे बाग. कराडची असो, सांगलीची असो, रविवार आला की ती पोरीला घेऊन निघायची. पिशवीत उकळून गार केलेलं पाणी, मलम, पट्ट्या, डासांचं क्रीम, टोपी, स्वेटर आणि कपड्यांचे दोन जोड. मुजीब ती पिशवी उचलून विचारायचा, "बागंला चाललोय का हजला?"

आणि मग मे महिन्यात, सुमैरा माहेरी गेली असताना, साताऱ्याच्या एका बागेत मिस्बाह घसरगुंडीच्या शिडीवरून पडली. फार उंचावरून नाही. सुमैरा खालीच उभी होती, दोन्ही हात पुढं करून. पोर त्या दोन हातांच्या नेमकी बाहेर पडली. डावा पाय घोट्याच्या वर मोडला.

प्लास्टर झालं, यथावकाश निघालं. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरून दाखवला. हाड छान जुळलं होतं. "आता चालेल ती," ते म्हणाले, "घाई करू नका." घाई कुणीच केली नाही. पण आठवड्यांमागून आठवडे गेले आणि मिस्बाह चालेना. डावा पाय जमिनीला लागला की ती तो पोटाशी ओढून घ्यायची. घरात बसून सरकायची आणि बाहेर कडेवर. वय साडेचार, पाय आईच्या गुडघ्याखाली लोंबायचे. डॉक्टरांकडं दोनदा जाऊन झालं. ते म्हणाले, दुखत नाही, भीती आहे. जून सरला, बालवाडी सुरू झाली. बाई म्हणाल्या, उचलून आणून बसवा. सुमैराचं मन झालं नाही. बाकीची पोरं धावणार आणि ही कोपऱ्यात बसून बघणार, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. पोरीनं चालणं सोडूनच दिलं तर? असा विचार दिवसातून कितीदा येई, आणि आला की ती उठून काहीतरी काम करायला लागे.

एके दिवशी जरिना गादीवरून मान वर न करता म्हणाली, "तू घडीघडीला सांभाळून सांभाळून म्हणतीस. पोरीला वाटतंय, जमीनच खोटी हाय."

सुमैराला ते फार लागलं. लागलं, कारण रात्री अंथरुणात तिलाही तेच वाटलं होतं.

श्रावण आला, नागपंचमी झाली, आणि जरिनानं जाहीर केलं, "बुधवारी चहारशुंबा हाय. पोरीला हरियाली तुडवाय सांगलीला न्हेणार."

मुजीब जेवत होता. "अम्मी, मौलवीसाहेब म्हणत होते, असलं काही किताबात नाही."

"मौलवीसाब किताबातलं सांगत्यात, त्यांचं बरुबर हाय," जरिना म्हणाली. "मी कुठं किताबातलं सांगतीया? माझ्या आज्जीनं मला न्हेलं, म्हणून मी माझ्या नातीला न्हेतीया. गवतावर चाललं तर कुणाचं काय जातंय?"

"मग उसाच्या बांधावर चालव की. सांगली कशाला?"

"बांधावर तणनाशक मारून ठिवलंय तुमी लोकांनी. गवत न्हाई, निसतं पिवळं काड. आन दुसरं, नुकतीच पंचीम झालीया. तिकडं शिराळ्याची पाहुणी मंडळी, नागोबा, फिरत असत्यात."

मुजीब हसला. सुमैरा हसली नाही. त्या पडण्यानंतर तिनं बागेत पाऊल ठेवलं नव्हतं. बागेचं दार नुसतं डोळ्यांपुढं आलं तरी तिच्या हातांना घाम सुटायचा. पण अब्बांच्या वेळची ती गार ओलही तिच्या तळव्यांना आठवली. दुखण्यातून उठलेल्यांनी तर चालायचंच असतं. ती म्हणाली, "जाऊ या, अम्मी."

बुधवारी पावसानं उघडीप दिली. दुपारच्या एसटीनं तिघी सांगलीत उतरल्या. जरिनाच्या हातात गुलगुल्यांचा डबा, सुमैराच्या खांद्याला ती मोठी पिशवी आणि कडेवर मिस्बाह. बागेत चांगलीच वर्दळ होती. कुठं बुरख्यातल्या बायका, कुठं डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या, आणि सगळ्यांच्या चपला रांगेनं रस्त्यावर. मधल्या मोठ्या हिरवळीवर पाटी होती : हिरवळीवर चालू नये. पाटीशेजारी खाकी शर्टातला रखवालदार उभा होता. जरिनानं एक चप्पल काढली मात्र, त्याची शिट्टी वाजली.

"ओ आक्का! वाचाय येतंय न्हवं? बोर्ड लावलाय."

जरिनानं बोर्डाकडं बघितलं. "न्हाई येत," ती म्हणाली. "ही सून शिकल्याली हाय, पर तिला मी वाचू दिला न्हाई."

रखवालदाराचं नाव धुळा. सकाळपासून शिट्टी फुंकून त्याचा चेहरा लालभडक झाला होता. "आज हाय तरी काय सांगा मला! सकाळधरनं बायका येत्यात, चपला काढत्यात आन गवतात शिरत्यात. गाल सुजलं माझं. कुणाला म्हणून आडवायचं?"

"आजचा दिस आजाऱ्यानं हिरव्यावर चालायचा असतोय दादा. माझी नात हाय. पाय मोडला हुता. बरा झालाय, पर चालत न्हाई."

धुळानं मिस्बाहकडं बघितलं. तिचे लोंबते पाय बघितले. शिट्टीच्या टोकानं कानामागं खाजवलं. "असं करा," तो आवाज खाली आणून म्हणाला, "मागल्या अंगाला पाण्याच्या टाकीपाशी जावा. तिथलं गवत उद्या कापायचंच हाय. तिथं काय तुडवायचं ते तुडवा. हितलं लॉन तेवढं नगं." मग टाकीकडच्या बाकाकडं बोट करून तो मोठ्यानं म्हणाला, "आन जरा त्या आक्कांकडं बघून शिका. रोज नातवाला घिऊन येत्यात. येक दिस पाऊल गवतावर पडत न्हाई. बागंला मानसं पायजेत ती अशी!"

टाकीपाशी गवताचं एक मोठं वर्तुळ होतं. भोवती चुना मारलेल्या दगडांचा काठ. गवत घोट्याएवढं वाढलेलं, हिरवंगार. बाकावर एक म्हातारी बसली होती, पाय फरशीवर नीट जुळवून ठेवलेले. तिचा नातू, असेल सहाएक वर्षांचा, दोन्ही हात पसरून काठाच्या दगडांवरून चालत होता.

जरिनानं बिस्मिल्ला म्हटलं, मिस्बाहचे सँडल काढले आणि तिला सुमैराच्या कडेवरून आपल्या हातांत घेतलं. "चल माझी राणी. गार गार लागतंय बघ."

"नको दादी."

"आगं येकदा टेकव. येकदाच."

ती गवतात शिरली आणि काखेत हात घालून पोरीला हळूहळू खाली सोडायला लागली. गवताची टोकं मिस्बाहच्या तळव्याला लागली, आणि ती किंचाळली. साधी रडली नाही, किंचाळली. दोन्ही पाय पोटाशी आवळून घेतले, दादीचा पदर मुठीत धरला आणि किंचाळतच राहिली. लांबच्या बायका वळून बघायला लागल्या.

"अम्मी, सोडा तिला!" सुमैरा ओरडली. सासूवर ती आजवर कधी ओरडली नव्हती. धावत जाऊन तिनं पोरीला अक्षरशः हिसकावून घेतलं.

जरिना रिकाम्या हातांनी उभी राहिली. मग वळली आणि एकटीच गवतातून चालायला लागली, पाठमोरी, भराभर, जणू मागं कुणीतरी लागलंय.

सुमैरा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि तिनं पोरीच्या पायांत सँडल पुन्हा चढवले. मिस्बाह तिच्या खांद्यात तोंड खुपसून हुंदके देत होती. आता हे सगळं पुन्हा पहिल्यापासून, सुमैराला वाटलं. आणलंच नसतं तर बरं झालं असतं. निदान "उद्या चालेल" असं म्हणता तरी आलं असतं.

"लेकराचा पाय दुखतोय व्हय?" बाकावरच्या म्हातारीनं विचारलं. तिचं नाव राजमती. सांगलीजवळच्याच खेड्यातली जैन शेतकऱ्याची बायको, लेक शहरात नोकरीला म्हणून इथं राहायला आलेली.

"दुखत नाही आता," सुमैरा म्हणाली. "ठेवतच नाही खाली."

तेवढ्यात दगडांवरचा मुलगा येऊन समोर उभा राहिला. तो सगळं बघत होता. त्यानं मिस्बाहकडं जरा वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "तू बी पाळतीस?"

मिस्बाहचा हुंदका थांबला. तिनं खांद्यावरून एक डोळा बाहेर काढला.

"आमी बी पाळतो," मुलगा म्हणाला. "चातुर्मासात. गवतात बारकं बारकं जीव असत्यात. आपला पाय पडला की मरत्यात. मोठी मानसं बघत न्हाईत." मग त्यानं मनापासून कबूल केलं, "तू लय जोरात ओरडलीस. मी येवढं न्हाई ओरडत कवा."

सुमैराच्या ध्यानात आलं, या पोराचा केवढा गैरसमज झालाय. त्याला वाटतंय, ही मुलगी किड्यामुंग्यांसाठी गवतावर पाय ठेवत नाही. आजीनं बळंच ठेवायला लावला म्हणून एवढी ओरडली. "अरे नाही," ती म्हणायला लागली, "तिचा ना..."

"हो," मिस्बाह म्हणाली. "मी पाळते."

तिचा आवाज अजून रडका होता, पण त्यात काहीतरी नवं होतं. सुमैरानं खुलासा अर्धाच सोडला. एवढ्या आठवड्यांत सगळे या पोरीला बिचारी म्हणत आले होते. तेल लावणारे, अंडं खाऊ घालणारे, "कधी चालणार आमची राणी" विचारणारे. ती काही पाळतेय, तिचंही काही म्हणणं असेल, असं कुणाला वाटलंच नव्हतं.

"कवापास्नं पाळतीस?"

मिस्बाहनं विचार केला. "खूप दिवस झाले."

ते खरंच होतं. मुलगा प्रभावित झाला. "माझं नाव आर्जव. तू दगडावर ये की मग. दगडावर चालतंय. आज्जी, दगडावर चालतंय न्हवं?"

"दगडावर चालतंय," राजमतीनं पंचासारखा निकाल दिला.

मिस्बाह दगडांकडं बघत राहिली. मग तिनं आईचा खांदा सोडला आणि मांडीवरून घसरत फरशीवर आली. तशी ती घरीही यायची, बसायला. बसूनच सरकत ती काठाशी गेली. आर्जव थांबला होता. "चप्पल काढ. चपलंखाली काय हाय ते कळत न्हाई." तिनं सँडल काढले. बाकाच्या लोखंडी पायाला धरून उजवा पाय दगडावर ठेवला. उभी राहिली. डावा पाय हवेतच होता. मग त्याची बोटं, नुसती बोटं, दगडाला टेकली.

सुमैराच्या ओठांवर तो नेहमीचा शब्द आला, 'सांभाळून'. आलाच.

"माहेर कुठलं म्हणायचं तुमचं?" राजमतीनं विचारलं.

"अं? वडूज."

"वडूज का. तिकडं पाऊस कसा काय औंदा?"

"बरा आहे," सुमैरा म्हणाली. तिचे डोळे दगडावर होते. "म्हणजे... आहे बरा."

"जवारी पेरत्यात न्हवं तिकडं? आन कांदा?"

"हो. कांदा असतो."

म्हातारी मुद्दाम विचारत होती की सहज, ते सुमैराला कळेना. पण तेवढ्या बोलण्यात मिस्बाहनं बाकाचा पाय सोडला होता. आर्जव पुढं, ती मागं. तिचा डावा पाय घाबरत येत होता, टेकतोय न टेकतोय तोच उजवा पुढं. पण येत होता. सुमैरानं पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली, कारण हातांना दुसरं काहीतरी काम देणं भाग होतं.

जरिना गवतातून फिरून परतली आणि थबकली. तिचा जबडा खाली आला. ती काही ओरडणार एवढ्यात सुमैरानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"अम्मी. काही बोलू नका."

जरिनाला असं गप्प करणारं माणूस पलूसमध्ये जन्मलं नव्हतं. ती मुकाट्यानं फरशीवरच बसली. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. थोड्या वेळानं, हातांना चैन पडेना म्हणून, तिनं डबा उघडून राजमतीपुढं धरला. "घ्या की बाई. गुलगुलं हायत. गुळाचं."

"राग धरू नका," राजमती म्हणाली. "चातुर्मास हाय आमचा. भायेरचं खात न्हाई. वास मातर लय झ्याक सुटलाय."

"राग कशापायी? तुमचं ते तुमचं. आन गवतावर पाय बी ठेवत न्हाई म्हणं?"

"न्हाई ठेवत."

"आन आमी मुद्दाम तुडवाय आलोय. पलूसहून, तिकीट काढून."

राजमतीनं पदर तोंडाला लावला. "तुमास्नी तुडवायचं पुण्य, आमास्नी न तुडवायचं. बिचाऱ्या गवतानं करायचं तरी काय!"

दोघी म्हाताऱ्या तोंडं दाबून हसत राहिल्या. पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून खांदे तेवढे हलत होते. सुमैरालाही हसू फुटलं. किती दिवसांनी, ते तिला आठवेना.

पण वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूला आर्जव थांबला होता. तिथं काठाचे दोन दगड उखडलेले होते, आणि त्या जागी गवत बाहेर आलं होतं. त्यानं टुणकन उडी मारली आणि पलीकडच्या दगडावर गेला. "ये."

मिस्बाहला उडी मारता येणार नव्हती. तिनं मागं वळून आईकडं पाहिलं. एवढ्या लांबूनही तिचा खालचा ओठ बाहेर आलेला सुमैराला दिसला. ती बाकावरून अर्धी उठली. पुढं गेलं तर पोर हात वर करणार. मग उचलायचं. मग घरी. सगळं पुन्हा तिथंच. नाही गेलं आणि ती पडली तर? सुमैरा तशीच राहिली, धड उभी नाही, धड बसलेली नाही.

मिस्बाहनं तोंड फिरवलं. खाली बसली. दोन्ही हातांनी गवत बाजूला सारून आत बघायला लागली. आर्जवही पलीकडून वाकला. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. मग मिस्बाहनं एका बोटानं कुणालातरी रस्ता दाखवला आणि तिचा बारीक आवाज इथवर आला, "जा तू. सांभाळून जा हां."

आणि मग ती उभी राहिली, मोकळ्या केलेल्या जागी तिनं डावा पाय ठेवला. अख्खा. टाचेसकट. उजवा उचलून पलीकडच्या दगडावर टाकेपर्यंत तिचं सगळं ओझं त्या पायावर होतं. तो वाकला नाही.

"तुडवली गं," जरिना पुटपुटली. तिचे डोळे वाहत होते.

"तुडवली नाही, अम्मी," सुमैरा म्हणाली. "विचारून पाय ठेवला."

ऊन उतरायला लागलं होतं. राजमती गुडघ्यांवर हात टेकून उठली. "दिस मावळायच्या आत जेवावं लागतंय आमाला. आर्जव! चल रं."

आर्जव दगडांवरून टणाटणा उड्या मारत आला आणि "उद्या येणार?" असं मागं ओरडून आजीचं बोट धरून गेलासुद्धा. मिस्बाह वर्तुळाच्या पलीकडं एकटीच राहिली. खेळ संपला होता. आता तिला आठवलं की आपण लांब आलोय.

"मम्मा! उचल!"

सुमैरा उठली. जरिनानं सुनेकडं बघितलं. त्या बघण्यात हुकूम नव्हता, विनवणी होती. सुमैरानं पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. चपला काढल्या. गवताच्या अलीकडच्या काठाशी जाऊन उभी राहिली.

"मी इथं आहे, बेटा. तू ये."

"दगड लांब आहेत."

"मग मधून ये."

"मधे किडे आहेत ना!"

"तू बघत बघत ये. मी पण बघत बघत येते."

मिस्बाहनं विचार केला. मग खाली वाकली. सुमैराही वाकली आणि हातानं गवत बाजूला करत एक पाऊल पुढं टाकलं. तळव्याखाली ओल होती, मऊ आणि गार. दोघी एकमेकींकडं यायला लागल्या. एक पाऊल, मग वाकून बघणं, मग दुसरं पाऊल. मिस्बाह एकदा अडखळून हातांवर आली. सुमैरा जागच्या जागी थांबली, तोंडातून अवाक्षर काढलं नाही, आणि पोर हात झाडत पुन्हा उठली. दोघी काही बरोबर मध्यावर भेटल्या नाहीत. सुमैरालाच जास्त चालावं लागलं. पण मिस्बाह जेवढी आली, तेवढी तिच्या दोन पायांनी आली होती.

सकाळी घरी उठल्यावर मात्र मिस्बाहनं पुन्हा हात वर केले आणि म्हणाली, "उचल." सुमैरानं तिला कडेवर घेतलं. मग जरिना आपल्या गादीवरून म्हणाली, "आगं, खाली मुंग्या हायत का बघ की जरा. मला दिसत न्हाईत ह्या चष्म्यातनं." मिस्बाह उतरली, बघायला गेली. जिन्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी दुकानापर्यंत. मधे एक दिवस अजिबात नाही, मग एकदम कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत. डावा पाय अजून थोडा फरफटायचा, ती दमायची, रडायची, पण चालायची.

आता अडचण एवढीच आहे की ती कुठं वेळेवर पोचत नाही. बालवाडीत तिला सुमैरा चालवत नेते. दहा मिनिटांच्या रस्त्याला अर्धा तास लागतो, कारण मिस्बाह प्रत्येक मुंगळा, प्रत्येक गोगलगाय बघून, रस्ता दाखवून मगच पुढं जाते. मुजीब डोकं धरतो. जरिना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "दुपारी माझी नात न्हेली, सांजच्याला राजमतीची करून आणली." सांगताना तिचा चेहरा नुसता फुलून येतो.

परवा सकाळी अशाच दोघी निघाल्या होत्या. रात्री पाऊस झालेला. रस्त्यावर काळ्या मुंग्यांची लांबलचक रांग चालली होती, आणि मिस्बाह मधोमध उभी राहून ती पार व्हायची वाट बघत होती, दोन्ही पाय फाकून, डाव्यावर जरा जास्तच रेलून. मागून दूधवाल्याची मोटरसायकल आली. कॅन खडखडले. त्यानं एकदा हॉर्न दिला, दोनदा दिला, मग गुरगुरला, "आवं ताई, पोरगीला घ्या की बाजूला."

सुमैरा रस्त्यात आडवी झाली आणि तिनं हात वर केला.

"थांबा की जरा," ती म्हणाली. "माझी पोरगी चालतीय."